बॉयलरची सेफ्टी सारखी गळतेय किंवा उडतेय? सीलला हात लावायच्या आधी हे बघा

सेफ्टी म्हणजे बॉयलरवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर ठरलेल्या आकड्यावर गेलं की तो उघडतो (आम्ही म्हणतो उडतो) आणि वाफ बाहेर सोडतो. आधी लक्षणं. तुमच्याकडं नेमकं काय होतंय ते ह्यात शोधा, कारण सगळ्यांची तक्रार एकच असते, "सेफ्टी गळतेय", आणि कारणं मात्र पाच-सहा निघतात.

- डिस्चार्ज पाईपच्या तोंडातनं दिवसभर बारीक वाफ, प्रेशर ६ किलो असो नाहीतर १० (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो).
- प्रेशर एका आकड्याच्या वर गेलं की फुसफुस सुरू, खाली आलं की आपोआप बंद.
- मशीन थांबलं की थोड्या वेळात सेफ्टी धाडकन उडते, मशीन चालू असताना काही नाही.
- एकदा उडाली की नीट बसत नाही, प्रेशर बरंच खाली आलं तरी वाफ चालूच.
- वाफ नाही, नुसतं पाणी ठिबकतंय.
- आणि उलटी केस, काटा लाल रेषेच्या वर गेलाय तरी दोन्ही सेफ्टी गप्प.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचत बसू नका. जळण टाकणं थांबवा, एफडी-आयडी फॅन (भट्टीत हवा ढकलणारा आणि धूर ओढणारा) बंद करा, ग्लासमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, पाणी दिसत असेल तर फीड (बॉयलरला पाणी देणारा पंप) चालू ठेवा, माणसं बाहेर काढा आणि बॉयलर थंड होईपर्यंत कुणाला जवळ जाऊ देऊ नका. मग रिपेअरर आणि बॉयलर खात्याला फोन. ती सेफ्टी का उडली नाही हे शोधणं तुमचं-आमचं काम नाही.

बाकीच्या केसेससाठी वाचा. मी इचलकरंजी भागात बॉयलरची कामं करतो त्यामुळं उदाहरणं सायझिंगची (विणायच्या आधी सुताला खळ लावून सुकवायचं काम) येतील, पण डेअरी, लाँड्री, छोटा प्रोसेस हाऊस, सगळीकडं गोष्ट तीच. डोळ्यासमोर धरा १०.५४ किलोचा शेल बॉयलर (मोठ्या बंद नळकांड्यात पाणी, त्यातल्या ट्यूबमधनं आगीचा धूर), लाकूड किंवा ब्रिकेटवर चालणारा, वर स्प्रिंगच्या दोन सेफ्टी.

सेफ्टी गळायला लागली की पहिली आयडिया सगळ्यांना एकच सुचते, पाना घेऊन वर चढायचं आणि स्प्रिंगचा नट अर्धा आटा आवळायचा. गळती थांबते पण, म्हणून तर लोक करतात. कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवला तर शिट्टी वाजायची थांबतेच की. त्या नटावर जी तार आणि शिशाचं सील आहे ते उगाच शोभेला नाही लावलेलं. इन्स्पेक्टरनं स्टीम टेस्ट घेऊन, ठरलेल्या प्रेशरला सेफ्टी उठते का हे डोळ्यांनी बघून मग ते सील मारलेलं असतं. सर्टिफिकेटवरच्या कमाल प्रेशरला सेफ्टी उठणार नाही अशी छेडछाड करणं हा १९२३ च्या जुन्या कायद्यात सरळ गुन्हा होता, त्याला कैद पण होती. २०२५ ला नवीन बॉयलर कायदा आला, त्यात किरकोळ चुका दंडावर आणल्या पण जिवावर बेतणाऱ्या गोष्टींना सूट नाही दिलेली. त्यामुळं "आता नवीन कायद्यात काय होत नाही" असं जो सांगतो त्याचं ऐकू नका.

नियम सीलपुरता आहे, सीलच्या आजूबाजूचं जे आहे ते आपल्या हातात आहे. आणि माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा दोष आजूबाजूलाच निघतो, व्हॉल्व्ह बिचारा चांगला असतो.

पहिलं, वही काढा

फुकटचं काम आहे आणि सगळ्यात उपयोगाचं. अटेंडंटला सांगायचं की वाफ कधी सुरू झाली, तेव्हा काटा कितीवर होता, बंद कधी झाली तेव्हा काटा कितीवर, मशीन चालू होतं का थांबलेलं, आणि दोनपैकी कुठली सेफ्टी. तीन-चार पाळ्यांचं एवढं लिहिलं की चित्र स्वच्छ होतं. वाफ कायम असेल, प्रेशर कितीही असो, तर सीट (व्हॉल्व्हची डिस्क, म्हणजे झाकण, जिथं टेकतं ती कडा) खराब आहे नाहीतर सीटमध्ये कचरा आहे. फक्त वरच्या टोकाला असेल तर तुम्ही बॉयलर सेफ्टीच्या फार जवळ चालवताय. फक्त मशीन थांबल्यावर असेल तर फायरिंगचा प्रश्न आहे. बऱ्याच ठिकाणी लॉगबुकमध्ये दर तासाला "१०" असं एकाच पेनानं एकाच बैठकीत लिहिलेलं असतं, ते इथं काही कामाचं नाही, खरे आकडे पाहिजेत.

जाताजाता एक, गळती बघायला जाताना हात किंवा तोंड पाईपजवळ नेऊ नका. १० किलोला आतलं पाणी १८० डिग्रीच्या वर असतं, आणि जी पांढरी वाफ दिसते ती थोडं अंतर गेल्यावर दिसते, अगदी तोंडाशी ती दिसतच नाही. भाजतं ते त्या न दिसणाऱ्या भागात.

दुसरं, काटा खरं बोलतोय का

गेज ९ दाखवतंय आणि सेफ्टी उडतेय. लगेच निष्कर्ष, सेफ्टी खराब. पण आत खरोखर १०.५ असेल तर? मग सेफ्टी बरोबर आहे आणि गेज खोटं आहे, आणि अशा वेळी जर कुणी नट आवळला तर काय होईल ते सांगायला नको.

बघायचं असं. गेजखालचा थ्री-वे कॉक फिरवून बॉयलरकडची बाजू बंद करा आणि गेज हवेला मोकळं करा, काटा शून्यावर आला पाहिजे. अर्ध्या किलोवर अडकत असेल तर गेज बदला, चर्चा नको. मग सायफन बघा, ती गोल वळणाची नळी. तिच्यात पाणी साठलेलं पाहिजे, ते नसेल तर गरम वाफ सरळ गेजच्या आतल्या ट्यूबमध्ये जाते आणि गेज हळूहळू वेडंवाकडं दाखवायला लागतं. कॉक फिरवून फुंकर मारल्यावर सायफनमध्ये पाणी साठायला वेळ द्या, लगेच उघडू नका. काही ठिकाणी सोयीसाठी गेज बॉयलरच्या टॅपिंगपासून खूप खाली, पॅनलवर आणलेलं असतं, तिथं नळीतल्या पाण्याचं वजन धरून काटा जास्त दाखवतो, तीन मीटर खाली असेल तर ०.३ किलो. हे खोटं त्यातल्या त्यात बरं, कारण ते सेफ बाजूला आहे, पण माहीत असायला पाहिजे.

बॉयलरवर इन्स्पेक्टरच्या टेस्ट गेजसाठी वेगळं कनेक्शन असतंच, नियमानं द्यावंच लागतं. कॅलिब्रेशन केलेलं गेज मिळवून कनेक्शनचं व्हॉल्व्ह बंद असताना तिथं लावा आणि दोन्ही काटे शेजारीशेजारी बघा, शंका मिटते. आणि डायलवर वर्किंग प्रेशरची लाल रेषा पुसट झाली असेल तर ती पण ठीक करून घ्या, रात्रपाळीच्या माणसाला तीच दिसते.

तिसरं, किती वर चालवताय

हे सगळ्यात जास्त सापडतं. सर्टिफिकेटवर १०.५४ लिहिलंय म्हणून प्रेशर स्विच (ठरलेल्या प्रेशरला फॅन किंवा बर्नर बंद करणारा) १०.३ ला लावून ठेवलेला. अहो, १०.५४ ही शेवटची भिंत आहे, तिथपर्यंत रोज जायचं असं कुणी सांगितलंय? स्प्रिंगची सेफ्टी सेट प्रेशरच्या जवळ गेलं की सीटवरची पकड ढिली पडते, फुसफुस सुरू होते, आणि ती बारीक वाफ दिवसरात्र सीटवरनं सरकली की त्या धातूवर चर पडतो. एकदा चर पडला की मग कितीही प्रेशर उतरवा, गळती राहतेच. म्हणजे सुरुवात होती एका स्क्रूच्या सेटिंगची आणि शेवट झाला सीट खराब होण्यात.

साधारण दहा टक्के तरी अंतर ठेवा, म्हणजे १०.५४ च्या बॉयलरला कट-ऑफ ९.५ च्या आत. जळण घन असेल तर अजून खाली, ९ च्या आसपास. कारण तेलाचा बर्नर बंद झाला की उष्णता थांबते, लाकडाचं तसं नाही, फॅन बंद केला तरी शेगडीवर निखारा असतोच आणि प्रेशर वर चढत राहतं. सायझिंगमध्ये तर हे रोजचंच, बीम (सुताचा मोठा रोळ) बदलायला किंवा धागे तुटले म्हणून मशीन थांबलं की सिलिंडरचं (सूत सुकवणारे वाफेचे ड्रम) स्टीम घेणं एकदम बंद होतं, आणि फायरमननं तर नुकतंच भरगच्च जळण टाकलेलं असतं. सेफ्टी नाही उडणार तर काय होणार. इथं दुरुस्ती व्हॉल्व्हची नाही, मशीनवाला आणि फायरमन ह्यांच्यात बोलणं होण्याची आहे. बीम संपत आला की आधी बेल किंवा हाक, जळण थोडं-थोडं टाकायचं, बस. आणि उडायला लागली म्हणून आगीवर पाणी मारणं किंवा फायर डोअर सताड उघडून थंड हवा आत घेणं, दोन्ही करू नका, ट्यूबच्या टोकांना तो झटका सोसत नाही.

मालक विचारतात मग सरळ ५ किलोवर का नाही चालवायचं, सिलिंडरला तर पीआरव्हीतनं (प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) दोन-तीन किलोच लागतं. प्रश्न बरोबर आहे पण प्रेशर फार उतरवलं की तेवढ्याच वाफेला जागा जास्त लागते, ती जोरात वर खेचली जाते आणि सोबत पाणी घेऊन जाते. ओली वाफ, मग सुकत नाही म्हणून ओरड. मधला आकडा बघा, साडेसात-आठ-नऊ, आपल्या मशीनवर काय जमतंय ते.

चौथं, डिस्चार्ज पाईप

पाणी ठिबकत असेल किंवा सेफ्टी नवीन करून पण महिन्याभरात परत गळत असेल तर वर बघा, पाईपकडं. बॉयलर थंड असताना.

सेफ्टीच्या बॉडीला किंवा पाईपच्या सगळ्यात खालच्या वळणाला एक ड्रेनचं भोक असतं. ते रंगानं, गंजानं नाहीतर कुणीतरी "इथनं पण गळतंय" म्हणून एम-सील लावून बुजवलेलं असतं. मग पावसाचं पाणी, थंड झालेल्या वाफेचं पाणी, सगळं व्हॉल्व्हच्या डोक्यावर साठतं, सीट गंजते, डिस्कवर खवले धरतात. भोक मोकळं करा आणि तिथनं छोटी नळी सुरक्षित जागी खाली सोडा, तिला कॉक लावू नका. एवढ्यानं पाणी ठिबकायची तक्रार बरेचदा तिथंच संपते.

दुसरं म्हणजे वजन. एका सायझिंगला एकाच बाजूची सेफ्टी परत परत जायची, दरवेळी सीट घासून आणायची, थंडीला परफेक्ट, स्टीम झालं की फुसफुस. वर जाऊन बघितलं तर तीन इंची डिस्चार्ज पाईप थेट सेफ्टीच्या फ्लँजवर उभा, आणि वर पत्र्याच्या कैचीला वेल्डिंग करून घट्ट पकडलेला. बॉयलर तापला की तो वर वाढतो, पाईप वर सरकायला जागा नाही, मग सगळा रेटा व्हॉल्व्हच्या बॉडीवर येऊन डिस्क एका बाजूनं उचलली जायची. फ्लँजचे बोल्ट ढिले केले तर पाईप पाव इंच बाजूला सरकला, म्हणजे बोल्टनंच ओढून बसवलेला होता. पाईपला स्वतःचा सपोर्ट दिला, वर सरकता ठेवला, विषय संपला. पाईप सरळ छताबाहेर, वळणं कमी, आणि कधीही सेफ्टीच्या तोंडापेक्षा लहान मापाचा नको.

आणि बॉयलर आणि सेफ्टीच्या मध्ये कुणी स्टॉप व्हॉल्व्ह घातलेला दिसला तर तिथंच थांबा. मेंटेनन्सला बरं म्हणून घालतात. ते चालत नाही, कुठल्याच कारणासाठी.

पाचवं, लिव्हर

कायम बारीक गळती आहे आणि नुकतीच सुरू झालीय, तर सीटमध्ये स्केलचा कण किंवा गॅस्केटचा तुकडा अडकलेला असू शकतो. तो उडवायला लिव्हर असतो. पण हे काम सर्टिफिकेटवाल्या अटेंडंटनंच करायचं, आणि प्रेशर सेट प्रेशरच्या पाऊण भागाच्या वर असताना, म्हणजे १०.५४ ला आठच्या वर. कमी प्रेशरला उचललात तर कण उडायच्या ऐवजी सीटमध्येच चेपला जातो. पूर्ण उचला, दोन-चार सेकंद जोरात जाऊ द्या, पटकन सोडा. हळूहळू सोडू नका. आधी डिस्चार्जच्या तोंडाशी कुणी नाही ना ते बघा. एकदा-दोनदा करून बसली तर ठीक, नाही बसली तर परत परत करत बसू नका, सीटची वाट लागते.

लिव्हर उचलताना तो मोकळा आहे का तेपण कळतं. तारेनं बांधलेले, गंजून घट्ट झालेले लिव्हर बघितलेत. बांधलेला असेल तर आधी विचारा कुणी आणि का.

सहावं, पाणी

कण आला कुठनं हा खरा प्रश्न. दोन्ही सेफ्टींच्या सीटवर पांढरी खळ धरल्यासारखं होत असेल तर बॉयलर पाणी वर फेकतोय. शेल बॉयलरच्या आतल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) साधारण ३५०० पीपीएमच्या आत ठेवायचा, त्याच्या वर फेस येतो आणि वाफेबरोबर क्षार वर जातात. टीडीएस मीटर छोटंसं येतं, ब्लोडाऊनचं (बॉयलरच्या तळातनं सोडलेलं) पाणी थंड करून मोजा. सॉफ्टनरला मीठ टाकायचं "राहून" गेलंय का, हार्डनेसची किट कपाटात एक्सपायर होऊन पडलीय का. उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तेव्हा हे एकदम वाढतं. पाण्याचा विषय मोठा आहे, केमिकलवाल्याला बोलवा, इथं एवढंच.

इथं थांबायचं

एवढं सगळं करून गळती तशीच असेल तर सीट-डिस्क घासावी लागणार किंवा व्हॉल्व्ह बदलावा लागणार, त्यासाठी सील तुटणार, आणि ते काम बॉयलर खात्याची मान्यता असलेल्या रिपेअररचं. त्याला बोलवा, बॉयलर इन्स्पेक्टरच्या ऑफिसला आधी कळवा, काम झाल्यावर परत सेटिंग आणि सील त्यांच्यासमोर. महाराष्ट्रात हे खातं म्हणजे बाष्पके संचालनालय. "साहेब येईपर्यंत चार दिवस मशीन बंद" ही अडचण मला कळते, पण स्पेअर सेफ्टी आधीपासून घेऊन ठेवली तर ते चार दिवस कमी होतात. घेताना फॉर्म ३-सी चं सर्टिफिकेट मागा, त्यावरचा नंबर आणि व्हॉल्व्हवर ठोकलेला नंबर जुळवा. भंगार बाजारात रंग मारून चकाचक केलेल्या मिळतात, स्वस्त असतात, कागद नसतो. घेऊ नका.

ह्याशिवाय खालच्या वेळी तर काही तपासत न बसता बॉयलर बंद करून फोनच करायचा. सील तुटलेलं किंवा गायब सापडलं, मग ते कुणी का तोडलं असेना. दोन्ही सेफ्टी उडाल्यात, फायर बंद आहे तरी काटा चढतोय. सेफ्टी उडाली ती बसेचना आणि पाणी ग्लासात झपाट्यानं खाली जातंय. ग्लासमध्ये पाणीच दिसत नाही, ह्यात पंप अजिबात चालू करू नका, तापलेल्या नळकांड्यावर पाणी पडलं तर परिणाम वाईट, जळण थांबवा आणि बाजूला व्हा. शेल किंवा फर्नेसला कुठं फुगवटा, ट्यूबच्या टोकाशी गळती. नुकसान झालेलं असेल तर तो अपघात धरला जातो, चोवीस तासात खात्याला कळवायचा असतो, आणि तेव्हापासून तुमचं सर्टिफिकेट चालू धरलं जात नाही, वर मुदत शिल्लक असली तरी.

सेफ्टी बॉयलरची का सिलिंडरची, हे पण बघा

बऱ्याचदा फोन येतो "बॉयलरची सेफ्टी उडतेय" आणि जाऊन बघावं तर उडतेय सायझिंगच्या सिलिंडरच्या लाईनवरची, पीआरव्हीनंतरची छोटी. तिथं बॉयलरचा काही संबंध नाही, पीआरव्ही पासिंग आहे, म्हणजे वरचं प्रेशर खाली सोडतंय. पीआरव्हीच्या आधीचा स्ट्रेनर साफ करा, रात्री मशीन बंद असताना खालचं गेज चढतंय का बघा, चढत असेल तर पीआरव्ही काढून सीट बघायला द्या. हे सिलिंडर बॉयलर नव्हेत, ते प्रेशर प्लँट म्हणून कारखाने कायद्याच्या कलम ३१ खाली येतात, त्यांची तपासणी सक्षम व्यक्तीकडनं, कागद वेगळे. स्टीम लाईन मात्र साडेतीन किलोच्या वर असेल तर आयबीआरमध्येच, म्हणजे बॉयलरच्या नियमांतच. पेपरात तर कारखान्यात काहीही फुटलं की बॉयलरच, डोंबिवलीला मे २०२४ मध्ये पहिल्या बातम्या बॉयलरच्या होत्या, नंतर रिअ‍ॅक्टर निघाला. कुठलं भांडं कुठल्या खात्याचं हे मालकाला माहीत नसलं की फोन चुकीच्या ऑफिसला जातो.

वर्षाच्या तपासणीला बॉयलर उघडणारच असता, तेव्हाच दोन्ही सेफ्टी काढून रिपेअररकडनं सीट घासून घ्या, सील त्याच वेळी नवीन बसतं, वेगळा फेरा पडत नाही. हायड्रॉलिक टेस्टला सेफ्टीच्या जागी ब्लँक किंवा वर गॅग (सेफ्टी उठू नये म्हणून दाबून धरणारा स्क्रू) लावतात, तो टेस्ट झाल्यावर निघालाय ना हे फायर लावायच्या आधी स्वतः वर चढून बघा, फिटर "काढलाय" म्हणाला तरी. मग स्टीम टेस्टला सगळे व्हॉल्व्ह बंद करून पूर्ण फायरिंगवर शेल बॉयलरची सेफ्टी पंधरा मिनिटं बघतात, प्रेशर दहा टक्क्यांच्या वर चढता कामा नये. त्या वेळी सेफ्टी कितीला उठली आणि कितीला बसली ते आकडे इन्स्पेक्टरच्या शेजारी उभं राहून वहीत लिहून घ्या, पुढच्या वेळी गळती झाली की तुलना त्याच आकड्यांशी करायची.